सहानंतरचे अभ्यंगस्नान

कॉलेजात असताना औंधच्या ब्रेमेन चौकातून मी दिवसातून दोनदा जात असे. पण त्या नावाचे शहर जर्मनीत आहे आणि पुण्याशी त्याचे जुने मैत्रीचे नाते आहे, याची चौकशी मी कधी केली नव्हती. 2024 च्या हिवाळी सत्रासाठी एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून माझी निवड नेमकी त्याच शहरातल्या विद्यापीठात झाली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, मग लांब कुठे? आपल्या चौकाच्याच तर गावाला चाललीस!" आता माझा मामेभाऊ जर्मनीला निघाला आहे आणि बॅगेत काय भरायचे याची त्याची यादी रोज वाढते आहे. बॅगेविषयी सांगणारी माणसे त्याच्याभोवती पुष्कळ आहेत, म्हणून मी त्याला दुसरेच काही सांगायचे ठरवले आहे.

पुण्यात माणसाला फारसे काही विचारावे लागत नाही. बसथांब्यावर क्षणभर गोंधळून उभे राहिलात, तरी कोणीतरी "कुठे जायचंय?" म्हणतो आणि त्याच्याशी सहमत नसलेला दुसरा कोणी लगेच वेगळा मार्ग सुचवतो. ब्रेमेनमध्ये पहिले तीन आठवडे मला कोणीही आपणहून काही सांगितले नाही आणि इथल्या लोकांना माझ्याशी काही देणेघेणे नाही, असा अर्थ मी त्यातून काढला. वेळापत्रकात दहाला लिहिलेल्या पहिल्या तासाला मी पाच मिनिटे आधी पोहोचले, तर वर्गात चिटपाखरूही नव्हते. इमारत चुकली या समजुतीने मी दोन मजले पालथे घातले आणि परत आले तेव्हा तास नुकताच सुरू होत होता. कारण तिथल्या विद्यापीठांत दहाचा तास सव्वादहाला सुरू होण्याची जुनी प्रथा आहे. ती सर्वांना इतकी ठाऊक असते, की नवख्याला सांगावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

कागदपत्रांचे प्रकरण यापेक्षा जड होते. जर्मनीत नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, नोंदणीला घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो आणि त्या नोंदणीचा कागद पुढे जवळजवळ प्रत्येक खिडकीवर मागितला जातो. व्हिसासाठी (2024 मध्ये दरमहा 992 युरो या हिशेबाने) जे पैसे बंदिस्त खात्यात ठेवलेले असतात, ते तिथे चालू खाते उघडेपर्यंत आपलेच असूनही हाताला लागत नाहीत. माझ्या दाखल्यावर खोलीचा क्रमांक चुकला होता, त्यामुळे नोंदणीच्या खिडकीवरून मला परत पाठवण्यात आले. खिडकीतल्या बाईंनी कागद चुकीचा आहे एवढेच सांगितले आणि त्या गप्प राहिल्या. मी रडकुंडीला येऊन, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, "मग आता मी काय करू?" असे विचारले मात्र, त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि कोणाकडे जायचे, काय मागायचे, पुन्हा वेळ कशी घ्यायची, हे सारे क्रमाने लिहून दिले. ज्यांना मी तुटक समजत होते, त्या माझ्या प्रश्नाची वाट पाहत होत्या.

त्यानंतर मी विचारू लागले. सुरुवातीला लाज वाटे, कारण आपल्याकडे फार विचारणारा माणूस बावळट ठरतो. (सदाशिव पेठेत तर पत्ता विचारणाऱ्यांसाठी वेगळी पाटीच असते.)

27 ऑक्टोबरला तिथली घड्याळे एक तास मागे गेली आणि पुण्याशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे झाले. माझ्या हे लक्षात न राहिल्याने नेहमीप्रमाणे संध्याकाळी सहाला केलेला फोन घरी रात्री साडेदहाला वाजला आणि आईच्या छातीत धस्स झाले. दुसऱ्याच दिवशी वसुबारस होती. आईने उटणे आणि मोती साबण बरोबर दिला होता. प्रश्न होता तो वेळेचा. आमच्या वसतिगृहात रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळण्याचा नियम होता, न्हाणीघर चौघींत एकच होते आणि त्याची भिंत शेजारच्या मुलीच्या पलंगाला लागून होती. पहाटे पाचला गुपचूप आंघोळ उरकावी, असा माझ्यातल्या पुणेकराचा पहिला विचार होता; तरी मी तिला विचारले. तिने तीन प्रश्न केले: पाचच का, किती वेळ लागेल आणि सूर्योदयापूर्वी म्हणजे नक्की कधी? मग तिने फोनमध्ये पाहून सांगितले, की 31 तारखेला ब्रेमेनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे सहानंतर न्हायले, तरी वसतिगृहाचा नियमही राहत होता आणि नरकचतुर्दशीचे शास्त्रही. शिवाय तो दिवस तिथे रिफॉर्मेशन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचा होता, दुकाने आदल्या संध्याकाळीच बंद झाली होती आणि कोणालाच कुठे जायचे नव्हते. फराळ म्हणून पुण्याहून आणलेल्या चिवड्याचा शेवटचा डबा होता. तो चौघींनी संपवला, आणि "हे करतात कसे?" हा प्रश्न त्या दिवशी मला तिघींनीही विचारला.

मार्चअखेरीस मी पुण्याला परतले. पहिल्याच आठवड्यात आई पोळ्या करत असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, "मी काही मदत करू का?" असे विचारले. आईने लाटणे थांबवून माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "विचारतेस काय पाहुणीसारखी? तवा रिकामा आहे ना!"