खालीला बेस काढा

आज दिवसभर रागदारी, डब (रेगेतून आलेली, जड बेस आणि एकोची शैली) आणि इलेक्ट्रॉनिक यांची सरमिसळ असलेले अल्बम ऐकले. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच राग टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) वर बसवले होते, तरी नंतरच्या बऱ्याच अल्बममध्ये सतार नुसती शोभेला असते.

पहिली गफलत बेसची. सा-प-सा ही चाल सवयीने टाकली जाते, पण मालकंस रागात पंचम (प) वर्ज्य! तिथे सा-म हवं. मारवा रागातही पंचम नाही, आणि षड्जावरही (सा) फार थांबायचं नसतं. त्यामुळे सतत घुमणारा सा रागाचा जीवच घेतो.

दुसरी एकोची. ७० बीपीएमला (मिनिटाला ७० मात्रा) एक मात्रा ८५७ मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा सुमारे ६४३. डबला पाऊण मात्रेचा एको शोभतो. पण मींडेवर (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) फीडबॅक, म्हणजे एको पुन्हा पुन्हा उमटण्याचं प्रमाण, ६० टक्के ठेवला तर कोमल रे आणि सा एकमेकांवर चढतात, नुसता चिखल. ३० च्या आसपास ठेवा, एकोतलं ३०० हर्ट्झखालचं कापा आणि तो फक्त न्यासाच्या, म्हणजे ओळ जिथे विसावते त्या, स्वरावर सोडा.

सिंथचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. लांब पॅडमध्ये (सिंथचे धरून ठेवलेले स्वर) हे फार खुपतं, तेवढा स्वर उतरवून घ्या.

तबल्याचा डग्गा आणि बेस एकाच खालच्या कंप्रतापट्ट्यात भांडतात. उपाय तालातच आहे: तीनतालात (१६ मात्रा) नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी नसलेला भाग, आणि दहाव्यापासून डग्गा तसाही बंद. बेसही तिथेच काढा, तेराव्याला परत आणा. डबमधला ड्रॉप, म्हणजे बेस अचानक गायब होऊन परत येणं, आयता मिळतो.