तुम्ही विचारलंत म्हणून: शेअरची आतली टिप दिली तर कुणाचं काय जातं?

लग्नात, बारशाला, रविवारच्या मिसळीला, कुणी ना कुणी मला हे विचारतंच. नाशिकमधल्या अंबडच्या एका लिस्टेड, म्हणजे शेअरबाजारात नोंदलेल्या, कंपनीत फायनान्सला मी 22 वर्षं काढली. तिमाहीचे आकडे पेपरात येण्याआधी माझ्या टेबलावर असायचे. बाईने त्यावर बरंच काही कमावलं असणार, असं लोकांना वाटतं. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग आम्हाला तरी सांगायचं. कुणाचं काय जातं?’

सांगते. पण आधी 2019 च्या दिवाळीतला पाडवा.

त्या वर्षी 29 सप्टेंबरला, रविवारी, केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. माझ्या सासूबाईंचं माहेर निफाड तालुक्यातलं. मामांच्या चाळीत उन्हाळ कांदा होता. लासलगावला भाव उतरले तसे मामा घाबरले आणि चाळ रिकामी करून बसले. पाडव्याच्या जेवणाला दुसरा विषयच नव्हता. त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने म्हणे दोन दिवस आधीच सगळा माल काढून टाकला होता. खरं-खोटं देव जाणे. पण सगळ्यात जास्त तापले होते ते माझे धाकटे दीर. रविवार कारंजाजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ‘म्हणजे त्याला आतून कळलं होतं! ज्याने त्याच्याकडून घेतला तो बुडाला की नाही? हा दरोडाच आहे.’

ताटं उचलता उचलता हेच भाऊजी मला म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या कंपनीचं काही आतलं सांगा की.’

मी नेहमीसारखं हसून टाळलं. आणि पाच मिनिटांनी जाऊबाईंशी बोलताना म्हणाले, ‘दमले गं बाई. ते बाहेरचे लोक आलेत, रोज रात्रीचे दहा वाजतात. दहा-दहा वर्षांच्या फायली काढायला लावतात.’

बस्स, एवढंच. माझे सासरे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. तिथे टपाल तिकिटं, पासपोर्ट, मुद्रांक छापतात. सध्या कोणतं तिकीट छापताय, एवढंसुद्धा त्यांनी कधी घरात सांगितलं नाही. ‘कामावरून आलो’ म्हणायचे आणि पाय धुवायचे. तेव्हा आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

तुळशीच्या लग्नाला भाऊजी पेढे घेऊन आले. ‘वहिनी, तुमच्या कंपनीत आता आपलेही 400 शेअर आहेत बरं का.’ बाहेरचे लोक जुन्या फायली बघतात म्हणजे कंपनी कुणीतरी विकत घेतंय, हे त्यांनी बरोब्बर ताडलं होतं.

सोमवारी सकाळी मी कंपनी सेक्रेटरींच्या केबिनमध्ये गेले.
‘घेणाऱ्याचं नाव सांगितलंत?’
‘नाही.’
‘भाव? तारीख?’
‘नाही.’
‘मग सांगितलंत काय?’
‘दमले म्हणून सांगितलं.’
ते हसले नाहीत. माझ्याकडून लेखी घेतलं, नियमाप्रमाणे सेबीला, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला, कळवलं, मला ताकीद दिली आणि त्या वर्षीची पगारवाढ थांबली. तेव्हा फार राग आला होता. पुढे चौकशी कधी झाली नाही, पण दोन वर्षं पोस्टमन दिसला की पोटात गोळा यायचा.

आपल्याकडे अशा आतल्या माहितीवरच्या व्यवहारांविषयी, म्हणजे इन्सायडर ट्रेडिंगविषयी, सेबीचे पहिले नियम 1992 चे, आणि आत्ताचे 2015 चे. जाहीर न झालेली आणि भाव हलवू शकेल अशी माहिती, मग ते निकाल असोत, डिव्हिडंड असो की विलीनीकरण, हातात असताना शेअर घ्यायचे-विकायचे नाहीत. ऑफिसात आम्ही तिला यूपीएसआय म्हणायचो. तिमाही संपली की ‘विंडो बंद’, आणि निकाल जाहीर झाल्यावर 48 तासांनी उघडणार. तोपर्यंत माहितीतल्या माणसांनी कंपनीच्या शेअरला हात लावायचा नाही. कुणाला कधी काय सांगितलं, याची पॅन नंबरासकट नोंद ठेवावी लागते. दंड किमान 10 लाख, कमाल 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातला जो जास्त असेल तो. तुरुंगवास 10 वर्षांपर्यंत होऊ शकतो. आणि इन्सायडर म्हणजे फक्त डायरेक्टर नव्हे. ती माहिती ज्याच्याजवळ आहे तो कुणीही, म्हणजे रविवार कारंजाचा दुकानदारसुद्धा.

लोकांना पटत नाही ते वेगळंच. नुसतं सांगणं हाही गुन्हा, सांगणाऱ्याने एक शेअर घेतला नसला तरी. अमेरिकेतलं रजत गुप्तांचं उदाहरण घ्या. गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळावर होते. सप्टेंबर 2008 मध्ये वॉरन बफे यांची कंपनी गोल्डमनमध्ये 5 अब्ज डॉलर घालणार, हे मंडळाच्या बैठकीत ठरलं. ती फोनवरची बैठक संपताच गुप्तांनी शेअरमध्ये पैसे लावणारा फंड चालवणाऱ्या राज राजरत्नमला फोन लावला. बाजार बंद व्हायच्या आत त्याच्या फंडाने शेअर उचलले. गुप्तांनी स्वतः काही घेतलं नव्हतं. तरी दोन वर्षांची कैद आणि 50 लाख डॉलर दंड झाला.

आता कुणाचं काय जातं ते. शेअरबाजारात विकणाऱ्याचं तोंड दिसत नाही, म्हणून कुणाचंच काही गेलं नाही असं वाटतं. भाऊजींना ते 400 शेअर कुणीतरी विकले ना? इंदिरानगरमधला एखादा निवृत्त माणूस असेल, मुलीच्या फीसाठी काढले असतील. मला माहीत होतं ते त्याला माहीत असतं, तर त्याने त्या भावाला दिले असते का? 1996 मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ब्रुक बाँड लिप्टनचे 8 लाख शेअर दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण जाहीर होण्याच्या काही आठवडे आधी घेतले, तेव्हा विकणारी होती युनिट ट्रस्ट ही म्युच्युअल फंड संस्था. म्हणजे तुमच्या-माझ्या वडिलांची पुंजी. सेबीने कंपनीला दोषी धरलं, पण अपिलात तो आदेश टिकला नाही.

अशी प्रकरणं टिकत नाहीत, हे खरंच आहे. 2017 मध्ये काही कंपन्यांचे निकाल जाहीर होण्याआधीच व्हॉट्सअॅपवर फिरत होते. सेबीने मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना दंड केला. अपिलीय न्यायाधिकरणाने तो रद्द केला आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. आकडे कंपनीतूनच फुटले, हे दाखवता आलं नव्हतं. म्हणून कुणी मला ‘पकडलं कोण जातंय’ म्हणतं, तेव्हा मी वाद घालत नाही. निफाडच्या मामांचा व्यापारीही पकडला गेला नाही. तो तर या कायद्यात बसतच नाही. पण भाऊजी त्याला दरोडेखोर म्हणालेच ना?

तर त्या 400 शेअरचं काय झालं? जानेवारीत व्यवहार फिसकटला. भाव पडला आणि भाऊजींचे पैसे अडकले. नुकसान झालं म्हणून नियम मोडला नाही असं होत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांचं म्हणणं वेगळंच आहे. ‘वहिनी, अर्धवट सांगितलंत. नीट सांगितलं असतंत तर वेळेत बाहेर पडलो असतो.’

2023 च्या डिसेंबरात पुन्हा निर्यातबंदी आली. त्यानंतरच्या संक्रांतीला मामा तिळगूळ घेऊन आले होते. निघताना चपला घालता घालता हळूच मला म्हणाले, ‘तुझ्या ओळखीत दिल्लीला कोणी आहे का गं? ही बंदी कधी उठतेय, हे चार दिवस आधी कळलं तर...’