उलटे सोडलेले प्रोटॉन

सूर्यावरच्या स्फोटांतून सुटलेले प्रोटॉन उपग्रहापर्यंत कधी पोचू शकतात हे शोधायला, तीन आठवडे झाले, रोज रात्री मी संगणकात प्रोटॉन उलटे सोडते आहे. उपग्रह आत्ता जिथे असेल तिथून एक कण बाहेर निघाला असं धरायचं, त्याचा विद्युतभार ऋण करायचा आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तो कसकसा वळतो ते टप्प्याटप्प्याने मोजायचं. निसटून दूर गेला, तर त्याच वाटेने सूर्याचा प्रोटॉन आत येऊ शकतो. फिरून वातावरणात आदळला, तर ती वाट बंद. सुलट बाजूने कितीही कण सोडले तरी नेमका त्या उपग्रहापाशी पोचणारा सापडणं जवळजवळ अशक्य, म्हणून हा उलटा हिशेब.

नॉर्वेचे कार्ल स्टॉर्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कणांच्या वाटांचं गणित हाताने केलं होतं, ध्रुवीय प्रकाश समजून घेण्यासाठी. त्यांच्या सूत्रानुसार चुंबकीय विषुववृत्तावर उभ्या दिशेने शिरायला सुमारे १५ गिगाव्होल्ट रिजिडिटी (चुंबकीय क्षेत्रात वळायला कण किती विरोध करतो त्याचं माप) लागते, ६० अंश चुंबकीय अक्षांशावर जेमतेम १. हाच त्या जागेचा उंबरठा. आणि १०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉनकडे असते अर्ध्या गिगाव्होल्टहूनही कमी. त्यामुळे ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह विषुववृत्तापाशी या कणांपासून सुरक्षित असतो. प्रत्येक फेरीत दोनदा, ध्रुवाजवळ, तो उघड्यावर येतो. या कणांमुळे मेमरीतला एखादा बिट उलटतो तो बहुधा तिथेच.

सौर प्रोटॉनचा इशारा आज मुख्यतः भूस्थिर उपग्रहांवरच्या मोजणीवरून दिला जातो: १० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे प्रोटॉन दर सेकंदाला, दर चौरस सेंटिमीटरला, दर स्टेरेडियनला (आकाशातल्या कोनाचं एकक) १० झाले की इशाऱ्याची पहिली पायरी. आकडा उपयोगाचा आहेच. पण तो सगळ्यांना एकच. खालच्या कक्षेतला माझा उपग्रह पुढच्या वीस मिनिटांत कुठे असेल, हे त्यात नाही. मला हवा आहे कक्षेगणिक अंदाज.

तोही स्थिर उंबरठा धरून चालणार नाही. चुंबकीय वादळात पृथ्वीभोवती कड्यासारखा फिरणारा विद्युतप्रवाह, म्हणजे वलयप्रवाह, वाढतो, क्षेत्र दुबळं होतं आणि उंबरठा विषुववृत्ताकडे सरकतो. मे २०२४ च्या वादळासाठी मी आधी फक्त पृथ्वीच्या अंतर्गत क्षेत्राचं प्रारूप वापरलं, मग त्यावर सिगानेंको या शास्त्रज्ञाच्या प्रारूपातलं, पृथ्वीबाहेरच्या प्रवाहांचं बाह्य क्षेत्र चढवलं. नकाशावर उघडा भाग दाखवणारा लाल पट्टा माझ्या डोळ्यांदेखत खाली उतरला. शांत दिवशी झाकलेले अक्षांश उघडे पडले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वेळही फार हाताशी नसतो. २० जानेवारी २००५ च्या सूर्यावरच्या स्फोटानंतर जोरदार प्रोटॉन काही मिनिटांतच पृथ्वीपाशी पोचले. तेव्हा प्रत्येक कक्षेचे हजारो कण नव्याने सोडत बसायला सवड कुठली? उंबरठ्यांचे तक्ते वादळाच्या तीव्रतेनुसार आधीच करून ठेवायला हवेत.

सध्या अडले आहे ती उंबरठ्याच्या काठावर. तिथे वाटा पूर्ण बंदही नसतात आणि पूर्ण खुल्याही नसतात: एक कण सुटतो, त्याहून किंचित जोरदार कण अडतो, पुढचा पुन्हा सुटतो. मी मोजणीचा टप्पा निम्मा केला आहे. गणित अजून चालू आहे.