लेवीयातली फीत

दुपारी एकनंतर मडगावात काही विकत घेण्याची आशा धरू नये. शटरे उतरलेली असतात आणि दुकानदार जेवून आडवा झालेला असतो. अशाच एका दुपारी, विजेचे जुने बिल शोधण्यासाठी कपाटाचा वरचा खण रिकामा करताना, घरातले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हाती आले आणि त्याची खुणेची लाल फीत लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सापडली. अंगावरच्या चट्ट्याची परीक्षा याजकाने कशी करावी, चट्ट्यातले केस पांढरे झाले असतील तर काय ठरवावे, रोग्याला सात दिवस केव्हा कोंडून ठेवावे, याचे नियम त्या पानावर आहेत. फितीचा रंग दोन्ही बाजूंच्या कागदाला लागला होता.

ज्या घरांत नव्या वर्षाला शास्त्र आरंभापासून वाचून काढण्याचा संकल्प होतो, त्या घरांना ही जागा ओळखीची असेल. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात गोष्टींमागून गोष्टी येतात. दुसऱ्यात, निर्गमात, तांबडा समुद्र दुभंगतो. मग पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, कड्या आणि पडद्यांची मापे सुरू होतात, आणि त्यांतून जे तगतात त्यांना लेवीयातले यज्ञ गाठतात. आमच्या शास्त्रात ६६ पुस्तके आणि ११८९ अध्याय आहेत (शेजारच्या कॅथलिक घरातल्या बायबलात पुस्तके ७३ आहेत, त्यांचा हिशेब वेगळा). रोज ३ आणि रविवारी ५ अध्याय वाचले तर ते वर्षभरात पुरे होतात. या गतीने तेरावा लेवीय फेब्रुवारीच्या तोंडावर येतो, आणि मंडळीतल्या बहुतेकांची गळती तिथेच होते असे माझे निरीक्षण आहे. तीन अध्यायांना लागतो तो पाव तास, फार तर वीस मिनिटे. तेवढा वेळ नाही असे सांगणारा माणूस संध्याकाळी मासळीच्या भावावर अर्धा तास बोलू शकतो.

नगरच्या मिशन कंपाउंडातल्या आमच्या घरी वेळेचा प्रश्नच नव्हता, कारण तो कोणी विचारत नसे. रात्रीच्या जेवणाआधी घरातली सगळी माणसे सतरंजीवर गोल बसत आणि एकेक वचन आळीपाळीने वाचले जाई. आम्हा मुलांचे लक्ष अर्थाकडे नसून मोजणीकडे असे. आजी, मोठे काका, आई, ताई असे मोजत आपल्या वाट्याला कोणते वचन येणार हे आधीच काढून ठेवायचे, आणि ते लांब किंवा नावांनी भरलेले निघाले तर ऐन वेळी पाणी प्यायला उठायचे. वंशावळींनी भरलेल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या आरंभीच्या नऊ अध्यायांत आमच्या घरातल्या मुलांनी जेवढे पाणी प्यायले तेवढे उन्हाळ्यातही प्यायले नसेल. उलट योहानाचा अकरावा अध्याय आला की पस्तिसाव्या वचनासाठी भांडणे होत, कारण तिथे ‘येशू रडला’ एवढेच आहे. पाठांतराच्या वेळीही प्रत्येकाला तेच वचन हवे असे. येशू का रडला, हे त्या वयात आमच्यापैकी कोणी विचारल्याचे आठवत नाही.

इथे मडगावात शेजारच्या कॅथलिक घरी सांजवेळी आमोरीची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा वाजली की बोलणे अर्ध्यावर थांबते. पुढे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो, आणि तो संपल्यावर मुले मोठ्यांकडून बेंसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. आम्हा प्रोटेस्टंटांना ठरलेल्या प्रार्थनांविषयी थोडी नाके मुरडण्याची सवय असते. मला मात्र त्या घंटेचा हेवा वाटतो, कारण ती कोणाची सोय पाहत नाही.

मडगावपासून फार दूर नसलेल्या राशोलला १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले गेले. ते रचणारा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला होता. गोव्याच्या साष्टी भागातल्या गावांची धर्मगुरू म्हणून कामे सांभाळत, जन्मभाषा नसलेल्या मराठीत त्याने सुमारे ११,००० ओव्या लिहिल्या, आणि देवनागरी खिळे नसल्यामुळे त्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. मराठीच्या कोणत्याही समारंभात त्याने केलेली मराठीची स्तुती हमखास म्हटली जाते आणि टाळ्या पडतात. ज्याच्यासाठी त्याने हा सारा खटाटोप केला त्या ख्रिस्ताच्या कथेपर्यंत वक्ता पोहोचत नाही, आणि मला दर वेळी त्या वक्त्याचा राग येतो.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही मी असाच अडून बसतो. केडगावच्या मुक्ती मिशनात शेकडो निराधार मुलीबायकांचा संसार अंगावर असताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या मराठीत सगळे शास्त्र उतरवण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालवले. १९२१ साली त्यांची मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते. त्यांच्या दिवसात हे काम कुठे मावत असेल, हे मला अजून उमगलेले नाही.

आमच्या वडिलांचा भरवसा निवृत्तीवर होता. शास्त्रातल्या यशया या पुस्तकाचा नीट अभ्यास करायचा म्हणून त्यांनी जाडजूड भाष्ये नोकरीत असतानाच घेऊन ठेवली होती; निवृत्त झाल्यावर गृहनिर्माण संस्थेने त्यांना चिटणीस केले, आणि पुढची वर्षे पाण्याच्या टाकीत आणि थकबाकीत गेली. नोकरदार मराठी माणसाच्या स्वर्गाच्या अलीकडे एक निवृत्ती असते, आणि सगळी पुण्यकर्मे तिथे रचून ठेवलेली असतात.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात फेलिक्स या रोमन सुभेदाराची हकिगत आहे. तो आपली बायको द्रुसिल्ला हिच्यासह कैदेतल्या प्रेषित पौलाचे बोलणे ऐकायला बसला. नीतिमत्त्व, संयमन आणि पुढे होणारा न्याय यांविषयी पौल बोलू लागताच त्याला भीती वाटली, आणि आता जा, सवड झाली की बोलावीन, असे त्याने सांगितले. आमच्या उपदेशकांची गोष्ट इथे थांबते. सवड पाहणारा माणूस बुडाला, असे सांगून ते आम्हाला घाबरवतात. पण पुढचेच वचन ते वाचत नाहीत. फेलिक्सला सवड मिळाली, वारंवार मिळाली, आणि दर वेळी त्याने पौलाला बोलावून त्याच्याशी संभाषण केले, कारण पौलाकडून काही पैसे सुटतील अशी त्याला आशा होती. अशी दोन वर्षे गेली. मग त्याच्या जागी पुर्क्य फेस्त आला, आणि यहूद्यांची मर्जी राखण्यासाठी फेलिक्स पौलाला बंदीतच ठेवून गेला.

म्हणजे वेळ त्याला भरपूर होता, आणि ज्याला विचारायचे तो माणूसही हाताशी होता. पहिल्या दिवशी त्याला वाटलेली भीती त्या दोन वर्षांत पुन्हा एकदा तरी वाटली होती का, हे मात्र ही हकिगत लिहिणाऱ्या लूकने लिहिलेले नाही.