ओढ्याच्या दोन काठांवरचं गाव

आज जर्मनीतल्या म्योडलारॉइटला जाऊन आले. वस्ती जेमतेम पन्नासेक माणसांची, मधून टानबाख नावाचा ओढा. ओढा कसला, आपल्याकडची पोरं उडी मारून पार करतील! पण एका काठाला बव्हेरिया राज्य, दुसऱ्याला थुरिंगिया. हद्द जुनीच, १८१० पासूनची. जर्मनीच्या फाळणीनंतर तीच दोन देशांची सीमा झाली आणि १९६६ मध्ये पूर्व जर्मनीने गावातून ७०० मीटरची काँक्रीटची भिंत घातली. अमेरिकन सैनिक गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणायचे. पूर्वेकडच्यांना पलीकडच्या नातलगांना नुसता हात करायचीही बंदी! ९ डिसेंबर १९८९ ला वाट उघडली. भिंतीचा तुकडा अजून राखून ठेवलाय. पिनकोड मात्र आजही दोन, महापौरही दोन. मी ओढा चारदा ओलांडला, उगाचच.