मान्यतेचा अर्ज आणि सहा महिन्यांच्या पावत्या

कामगार संघटनेची नोंदणी आणि तिची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वेळी नोंदणी 1926 च्या ट्रेड युनियन्स ॲक्टखाली झाली की संघटनेला कायद्याच्या नजरेत अस्तित्व येई, तिच्या नावाने दावा लावता येई आणि तिच्यावरही लावता येई. मात्र नोंदणी झाली म्हणून मालकाने तिच्याशी चर्चेला बसलेच पाहिजे, असे बंधन त्याच्यावर येत नसे. ते स्थान आम्हाला मिळाले ते महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखालील मान्यतेमुळे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका इंजिनिअरिंग कारखान्यात, संघटनेचा खजिनदार या नात्याने, मी ही प्रक्रिया पहिल्या पावतीपासून न्यायालयाच्या आदेशापर्यंत जवळून पाहिली. नव्याने संघटना बांधणाऱ्यांना तिचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. यातील नियम त्या वेळचे आहेत; आजची चौकट शेवटी सांगितली आहे.

आमच्याकडे सुमारे तीनशे कायम कामगार होते. जुना वेतन करार संपला होता आणि आमचे मागणीपत्र व्यवस्थापनाकडे पडून होते. पर्सोनेल ऑफिसात गेले की साहेब चहा विचारत, पण मागण्यांचा विषय निघाला की म्हणत, "तुमच्याशी बोलायचे कोणत्या अधिकारात? उद्या दुसरे चार जण येतील, त्यांच्याशीही बोलू का?" त्याच वेळी व्यवस्थापनाच्या मर्जीतील एक दुसरी संघटना कारखान्यात होती आणि करार तिच्याबरोबर करण्याच्या हालचाली सुरू असल्याचे सर्वांना दिसत होते.

1971 च्या या कायद्याचे पूर्ण नाव फार लांबलचक आहे (महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम); कामगार चळवळीत त्याला सरळ 'एमआरटीयू ॲक्ट' म्हणतात. राज्य सरकारने 1968 मध्ये नेमलेल्या समितीच्या कामातून तो तयार झाला आणि 8 सप्टेंबर 1975 पासून त्याचा अंमल सुरू झाला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, अर्ज करण्याच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद असतील, तिला औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेचा अर्ज करता येतो. एका आस्थापनेत एका वेळी एकच संघटना मान्यताप्राप्त असू शकते. ही शेवटची तरतूद किती गंभीर आहे, हे आमच्यातील ज्येष्ठांना सांगावे लागले नाही. 18 जानेवारी 1982 पासूनच्या गिरणी संपात लाखो कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे उभे होते, पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर अधिकार, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि तो कायदा रद्द करणे हीच संपाची एक मोठी मागणी होऊन बसली होती. गिरण्यांचा तो कायदा आम्हाला लागू नव्हता, तरी कामगार एकीकडे आणि कायद्याचा दर्जा दुसरीकडे राहिला म्हणजे काय होते, हे त्यांनी पाहिलेले होते.

आमच्या वकीलसाहेबांनी पहिल्या भेटीत सभासदांचा आकडा विचारला नाही. त्यांनी संघटनेची घटना, म्हणजे नियमावली, मागितली. कारण एमआरटीयू ॲक्टच्या कलम 19 प्रमाणे मान्यता मागणाऱ्या संघटनेच्या नियमांतच काही गोष्टी असाव्या लागतात: दरमहा किमान 50 पैसे वर्गणी, तीन महिन्यांपेक्षा जास्त अंतर न पडू देता कार्यकारी समितीची बैठक, प्रत्येक ठरावाची इतिवृत्ताच्या वहीत नोंद, आणि शासनाने नेमलेल्या लेखापरीक्षकाकडून हिशेब तपासण्याची मुभा. आमच्या घटनेत यातील दोन गोष्टी स्पष्ट नव्हत्या. सर्वसाधारण सभा बोलावून घटनादुरुस्ती केली, तिची नोंद रजिस्ट्रारकडे करून घेतली, आणि मगच सहा महिन्यांची मोजणी सुरू केली. हे सहा महिने कॅलेंडरचे पूर्ण महिने असतात. ऑगस्टमध्ये अर्ज द्यायचा, तर फेब्रुवारी ते जुलै या प्रत्येक महिन्यात 30 टक्क्यांची अट पुरी झालेली दिसली पाहिजे. सहा महिन्यांची सरासरी काढून चालत नाही. शिवाय त्या सहा महिन्यांत ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, तो कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सभासदच राहत नाही.

वर्गणी गोळा करणे हे काम बाहेरून अगदी साधे वाटते. प्रत्यक्षात मान्यता मिळेपर्यंत कारखान्याच्या आवारात वर्गणी घेण्याचा हक्कच नसतो; पगार वाटला जातो त्या जागी वर्गणी घेण्याचा हक्क कलम 20 फक्त मान्यताप्राप्त संघटनेला देते. म्हणून पगार झाल्यावर तिन्ही शिफ्टच्या सुटण्याच्या वेळी आम्ही गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पावतीबुक घेऊन बसत असू. रात्रपाळी सुटताना थंडीत बोटे वळत नसत, तरीही पावतीवर नाव, टोकन नंबर, कामाचे खाते, कोणत्या महिन्याची वर्गणी, तारीख आणि दोघांच्याही सह्या, यातले काहीही गाळायचे नाही, असा आमचा नियम होता. एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या पावत्यांवर समोरचा वकील पहिले बोट ठेवतो, हे आम्हाला आधीच बजावले गेले होते. जमा झालेली रक्कम दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बँकेत भरली जाई. त्यामुळे पावतीची स्थळप्रत, सभासद नोंदवही, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि बँकेचे पासबुक या चारही ठिकाणी एकच आकडा दिसत असे. या चार वह्या एकमेकींशी जुळणे हाच आमच्या अर्जाचा खरा पाया होता, असे मी आजही मानतो. घोषणा देणारे शंभर जण मिळतात. दर महिन्याला न चुकता पावती घेणारे शंभर जण तयार करायला दारोदार जावे लागते.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास व्यवस्थापनाने कोणतीही चर्चा न करता सर्वांना ठोक पगारवाढ जाहीर केली. पैसा कोणाला नको असतो? पण संघटना उभी राहण्याच्या मोक्याच्या काळात, तिचे बळ कमी करण्यासाठी पगार वाढवणे, ही या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत चक्क अनुचित कामगार प्रथा, म्हणजे कायद्याने मना केलेली वागणूक, म्हणून नोंदलेली आहे. आम्ही वाढ नाकारू नका असेच सर्वांना सांगितले, आणि ती का दिली जात आहे तेही कारखान्याच्या प्रत्येक विभागात समजावले. त्या महिन्यात सभासद घटले नाहीत.

त्यानंतर आमच्या दोन कार्यकर्त्यांची परराज्यातील डेपोत बदली झाली. आयुष्यभर मशीनवर काम केलेल्या माणसांना तेथे कामच नव्हते. दुपारच्या शिफ्टला तरुण कामगार मशीन बंद करून कॅन्टीनसमोर जमू लागली, आणि "आत्ताच्या आत्ता बंद करा" अशी मागणी सुरू झाली. या संपूर्ण प्रवासातील सर्वांत अवघड प्रसंग तो होता. कलम 12 मध्ये अशी तरतूद आहे की, अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत संघटनेने बेकायदेशीर संप चिथावला असेल किंवा त्याला साहाय्य केले असेल, तर न्यायालय तिला मान्यता देऊ शकत नाही. आणि चौदा दिवसांची रीतसर नोटीस न देता केलेला संप हा बेकायदेशीरच. एका दुपारच्या संतापात आमचे सगळे महिने वाया गेले असते. सरचिटणीसांनी एका बाकावर उभे राहून हे कलम साध्या शब्दांत सांगितले. ज्यांची बदली झाली होती त्यांपैकी एक भाऊ स्वतः पुढे आले आणि म्हणाले, "माझ्यासाठी मशीन बंद करू नका, माझ्यासाठी पावती घ्या." कामगार पुन्हा मशीनवर गेले. त्या दिवशीच्या त्यांच्या संयमाचा मला अतिशय अभिमान वाटतो.

बदलीविरुद्ध आम्ही औद्योगिक न्यायालयात तक्रार दाखल केली. व्यवस्थापकीय धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली ही चौथ्या अनुसूचीत येते, तक्रार तो प्रकार घडल्यापासून 90 दिवसांत करायची असते, आणि तिच्यासोबत अंतरिम आदेशाचा अर्जही देता येतो. संघटनेच्या कामाच्या तारखा आणि बदलीच्या आदेशाची तारीख शेजारी शेजारी मांडल्यावर न्यायालयाने अंतिम निकालापर्यंत बदलीला स्थगिती दिली.

सहा महिने पुरे होताच मान्यतेचा अर्ज गेला. त्याची फी कायद्याने पाच रुपयांच्या आतच ठेवलेली आहे. न्यायालयाची नोटीस कारखान्याच्या फलकावर लागली आणि मर्जीतील संघटनेने तसेच व्यवस्थापनाने आपापले म्हणणे दाखल केले. त्यांचा मुख्य मुद्दा आमच्या सभासदसंख्येबद्दल नव्हता. तो एकूण कामगारसंख्येबद्दल होता. व्यवस्थापनाने दिलेल्या यादीत प्रशिक्षणार्थी होते, सुपरवायझर होते, ऑफिसातील अधिकारीही होते. एकूण आकडा फुगला की आमची टक्केवारी आपोआप खाली येणार, हे त्यामागचे गणित होते. या कायद्यातील 'कामगार' म्हणजे औद्योगिक विवाद कायद्यातील कामगार, त्यामुळे पर्यवेक्षण करणारे अधिकारी त्यात बसत नाहीत, हे आम्हाला पगारपत्रके आणि नेमणुकीची पत्रे मागवून एकेका नावानिशी दाखवावे लागले. मान्यता मागणाऱ्या प्रत्येक संघटनेने आपल्या यादीइतकीच काळजी समोरच्याच्या यादीची घ्यावी. कायदा सांगतो की असा अर्ज शक्यतोवर चार महिन्यांत निकाली काढावा. आम्हाला त्याहून बराच जास्त वेळ लागला. मान्यताप्राप्त संघटनेचे दोन प्रतिनिधी तारखेला हजर राहिले तर त्यांना कामावर असल्याप्रमाणे पगार मिळतो, पण अर्जदार संघटनेला ती सवलत नसल्याने आमची प्रत्येक तारीख बिनपगारी रजेची होती.

पुढे न्यायालयाने सभासदसंख्येची पडताळणी तपासणी अधिकाऱ्याकडे सोपवली. त्यांनी आमच्या चारही वह्या ताब्यात घेऊन मस्टरशी ताडून पाहिल्या आणि नंतर काही कामगारांना एकेकटे बोलावून विचारले. त्या खोलीत आमचा कोणी नव्हता, व्यवस्थापनाचाही नव्हता. निवृत्तीला आलेले एक काका बाहेर आल्यावर सांगत होते की साहेबांनी पावती पुढे करून सही कोणाची ते विचारले, तेव्हा मी म्हणालो, "सही माझी आणि पैसेही मी माझ्या हाताने दिलेत." दोघा-तिघांनी भीतीपोटी नकार दिला, हेही आम्हाला समजले. त्यांच्याविषयी आमच्यापैकी कोणीही वावगे बोलू नये, असा समितीने ठराव केला, कारण घर चालवण्याची चिंता काय असते हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. अहवालात आमची सभासदसंख्या सहाही महिन्यांत निम्म्याहून वर भरली. प्रतिस्पर्धी संघटना बहुतेक महिन्यांच्या पावत्या हजर करू शकली नाही. न्यायालयाने आमच्या नावे मान्यतेचे प्रमाणपत्र दिले.

व्यवस्थापनाचा सूर त्यानंतर बदलला, आणि त्याचे कारण निव्वळ कायदेशीर होते. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 18 ला महाराष्ट्राने जोडलेल्या परंतुकानुसार (जादा अटीनुसार), मान्यताप्राप्त संघटना असेल तेथे करार तिच्याबरोबरच करावा लागे आणि तो सर्व कामगारांवर बंधनकारक होई. बडतर्फी, सेवासमाप्ती यांसारखे प्रश्न तेवढे त्यातून वगळलेले होते. वेतन करारावर पुढे दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. आमचा फलक कारखान्याच्या आत लागला, आणि खातेनिहाय चौकशीत कामगाराच्या बाजूने बसण्याचा हक्क मिळाला. एक गोष्ट मात्र आम्हाला साधली नाही. आमच्याच शेडमध्ये, आमच्याच शेजारी काम करणारे कंत्राटी कामगार या सगळ्याच्या बाहेर राहिले. विविध कामगार सभा विरुद्ध कल्याणी स्टील्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सांगितले की, मालक-कामगार हे नातेच वादात असेल तर या कायद्याखाली तक्रार चालत नाही. ते नाते आधी योग्य मंचापुढे सिद्ध व्हावे लागते. करारात त्यांच्यासाठी कॅन्टीन आणि सुरक्षा साधनांची कलमे आम्ही आग्रहाने घालून घेतली, पण त्यांच्या वेतनाला आम्ही हात लावू शकलो नाही, आणि हे शल्य मला अजूनही बोचते.

आमची ही हकीकत जुन्या चौकटीतली आहे. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून, तिच्यानुसार एकाहून अधिक संघटना असलेल्या आस्थापनेत हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद स्थापन होते. आज कामाला लागणाऱ्यांनी संहिता आणि तिच्याखालील नियम वकिलासोबत बसून वाचावेत, आणि पावतीबुक, सभासद नोंदवही, रोजकीर्द व बँकेचे खाते मात्र संघटना स्थापन झाल्याच्या महिन्यापासूनच चालू करावे.