चप्पल निसटते म्हणाल्या आणि निदान पक्कं होत गेलं

आमच्या नागपूर साइडला रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले आणि सोबत खोकला-दम असला की डॉक्टरांना आधी फायलेरिया (हत्तीरोगाचे जंत) आठवतो, आणि ते बरोबरच आहे, हा पट्टाच फायलेरियाचा. माझ्याकडे सीटीला आलेल्या या ताईंनाही डीईसीचा, म्हणजे फायलेरियाच्या औषधाचा, ३ आठवड्यांचा कोर्स झालेला, फरक काहीच नाही. इओसिनोफिल ३८ टक्के, दमा जुना, वजन उतरलेलं, थुंकीत टीबी नाही. सीटीच्या फॉर्मवर लिहिलेलं, क्रॉनिक इओसिनोफिलिक न्यूमोनिया? म्हणजे फुप्फुसात याच पेशी साचून होणारा आजार.

पहिल्या नजरेला तसंच दिसत होतं, दोन्ही फुप्फुसांत वरच्या भागात, छातीच्या भिंतीला लागून पांढरे पॅच, मधला भाग मोकळा. पण मी बारीक स्लाइस एकेक करून सरकवत गेले तर पॅचच्या बाहेरही बरंच काही होतं, लोब्यूलच्या (फुप्फुसाच्या छोट्या कप्प्यांच्या) मधोमध बारीक ठिपके, श्वासनळ्यांच्या भिंती जाड, खाली सेप्टाच्या (त्या कप्प्यांमधल्या पडद्यांच्या) रेषा उठलेल्या, दोन्हीकडे थोडं पाणी आणि हृदय जरा मोठं. एबीपीए, म्हणजे दम्यातली बुरशीची अॅलर्जी म्हणावं तर मधल्या श्वासनळ्या फुगलेल्या आणि कफाने भरलेल्या दिसायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. माझ्या डोक्यात ईजीपीए आलं, म्हणजे पूर्वीचं चर्ग-स्ट्रॉस, ज्यात रक्तवाहिन्यांनाच सूज येते आणि हृदय, नसाही बिघडतात.

ताई बाहेर बाकावरच होत्या, मी जाऊन विचारलं, "हातापायाला मुंग्या येतात का?"

"मुंग्या नाही येत मॅडम, पण उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटून जाते न, कळतच नाही."

फूट ड्रॉप, म्हणजे नस बिघडून पाऊल नीट उचललं न जाणं! मी तिथूनच छातीच्या डॉक्टरांना फोन लावला, सर, हा नुसता न्यूमोनिया वाटत नाही, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एएनसीए (रक्तवाहिन्यांच्या सुजेसाठीची रक्ततपासणी) करून घ्या. एएनसीए पॉझिटिव्ह आली, पण ती निगेटिव्ह आली असती तरी मी ईजीपीए सोडलं नसतं कारण साधारण ४० टक्के पेशंटमध्येच ती सापडते. इकोत हृदयाचं पंपिंग कमी निघालं आणि खरी भीती त्याचीच, या आजारात जीव जातो तो बहुतेक वेळा हृदयामुळे. स्टेरॉइडने पॅच ईजीपीए आणि इओसिनोफिलिक न्यूमोनिया दोन्हींत झपाट्याने जातात, एक्सरे स्वच्छ दिसतो, सगळे खूश होतात आणि ईजीपीए असेल तर हृदय, नसा आतून बिघडत राहतात. म्हणून सरांनी स्टेरॉइडसोबत सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषधही सुरू केलं.

पुढच्या सीटीत पॅच गेलेले, पाणी नाही, पंपिंगही सुधारलंय. पायाला मात्र अजून स्प्लिंट आहे, नस भरून यायला महिने लागतात, फिजिओथेरपी चालू आहे.